बांगड्याचं पुस्तकातलं नाव

मावशी, मी मालवण तालुक्यातली. बारावी सायन्स झाले, सीईटी दिली आणि रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांच्या पदवीला माझा नंबर लागला. वर्ग सुरू व्हायला बारा दिवस राहिलेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, अकरावी-बारावीत इंग्रजी कसंबसं निभावलं. तिथे सगळं इंग्रजीतच असणार. नव्या मुलांच्या ग्रुपवर सगळे ओळख करून देतायत, कुणाचे वडील प्राध्यापक, कुणाचे कृषी अधिकारी. माझे बाबा होडीवर जातात, आई बाजारात मासे विकते. काय लिहावं कळेना म्हणून मी काहीच लिहिलं नाही. बाबा म्हणतात, "मासे धरूक कॉलेज कित्याक व्हयां?" फॉर्म भरल्यापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. आई रोज विचारते, काय काय भरायचं ते सांग. मला पहिल्या दिवसाचीच भीती वाटते. तयारी नेमकी काय करू?
— बंदरावरची एक

बाय,

बारा दिवस म्हणजे पुष्कळ. त्यातले दोन दिवस सामानाला दे, एक कागदपत्रांना. उरलेल्या नऊ दिवसांत एक वही भर आणि ती घेऊन शिरगावला जा. तुला इंग्रजीची काळजी आहे, ओळख करून द्यायची आहे, बाबांचा अबोला आहे. या तिन्हींसाठी मला ही वहीच सुचते, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

शंभर पानी साधी वही घे. प्रत्येक पानावर तीन रकाने आख. पहिल्यात घरचा शब्द, आई उच्चारते तसाच. दुसऱ्यात त्याबद्दल तुला जे ठाऊक आहे ते दोन ओळींत. तिसरा कोरा ठेव, तो कॉलेजात भरायचा. उद्या पहाटे आईबरोबर लिलावाला जा आणि टोपलीत जे जे दिसेल ते लिहीत सुट. बांगडा, तारली, इसवण, मोरी, मुडदुशी, सौंदाळा, पेडवे, माकूल, शेवंड. कुठली मासळी कुठल्या जाळ्याला लागते, कुठल्या दिवसांत अंड्यांनी भरलेली असते, कुठली लवकर नरम पडते. तुला वाटतं त्यापेक्षा जास्त येतं हे तुलाच पहिल्या दोन पानांत कळेल.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गात बंदरावरची मुलं मागच्या बाकावर बसायची आणि माशाचा धडा आला की मान खाली घालायची. सगळ्या वर्गात त्या धड्यातलं सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक असायचं, पण ते 'अभ्यासातलं' आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही सुरुवातीच्या वर्षांत सांगितलं नाही, ही माझी चूक. तुला मात्र आधीच सांगते आहे.

बांगडाच घे. त्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता. ऐकून धडकी भरेल असं नाव. पण त्यातला 'कानागुर्ता' हा शब्द लॅटिन नाही, तेलुगू आहे. पॅट्रिक रसेल नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर विशाखापट्टणमला राहून तिथल्या किनाऱ्यावरचे मासे गोळा करत होता. तिथल्या लोकांनी सांगितली ती नावं त्याने टिपली आणि 1803 साली चित्रांसकट छापली. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए याने बांगड्याचं शास्त्रीय नाव ठरवताना तोच शब्द उचलला. आज जगात कुठेही बांगड्यावर कुणी संशोधन लिहिलं तरी त्याला आपल्या पूर्व किनाऱ्यावरचा तो बोलीतला शब्द लिहावा लागतो. पहिल्या सत्रात तुला गोड्या पाण्यातले रोहू, कटला, मृगळ भेटतील. त्यांची नावं लाबेओ रोहिता, कटला कटला (अलीकडे लाबेओ कटला), सिऱ्हिनस मृगाला. त्यांतले रोहिता, कटला, मृगाला हे शब्द फ्रान्सिस हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने 1822 साली दिले, तेही गंगेकाठच्या लोकांच्या तोंडचे. तेव्हा या नावांना घाबरू नकोस. ती तुझ्या आईसारख्याच कुणाकडून तरी ऐकून लिहिलेली आहेत.

मग घरचीच नावं का पुरत नाहीत, असं तू विचारशील. आईला विचार, सरंगा म्हणजे कुठला? एका बंदरात काळा हलवा दाखवतील, दुसऱ्या बंदरात पापलेट. तुझ्याकडची इसवण रत्नागिरीच्या जेटीवर सुरमई होते. एकाच जातीच्या पिल्लाला एक नाव आणि मोठ्याला दुसरं, असंही चालतं. बाजारात त्याने काही अडत नाही, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि मासा हातात असतो. पण मालवणात मोजलेला मासा आणि गुजरातच्या वेरावळात मोजलेला मासा एकच का, हे कागदावर ठरवायचं तर दोघांना एक नाव लागतं. तुझा तिसरा रकाना त्यासाठी आहे. त्यात पुस्तकाचं नाव आलं म्हणून पहिला रकाना खोडायचा नाही.

नावांवर थांबू नकोस. आई कल्ला उचलून लाल आहे का बघते, डोळा वर आलेला आहे का बघते, बोटाने दाबून मांस परत उठतं का बघते. ताजेपणा असाच डोळ्यांनी, बोटांनी, वासाने तपासायला मत्स्यप्रक्रियेच्या विषयात शिकवतात, प्रत्येक खुणेला गुण देऊन तक्ता भरायला लावतात. बर्फ किती घालायचा तर आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतका, किलोला किलो, असं पुस्तक सांगतं. आई किती घालते ते एकदा वजन करून बघ आणि लिही. बर्फ महाग म्हणून ती कमी घालत असेल, तर तेही लिही. घोळीच्या, ढोम्याच्या डोक्यातले पांढरे खडे तू लहानपणी जमवले असशील. तो त्यांच्या कानातला भाग. झाडाच्या खोडासारखी त्यात वलयं असतात आणि त्यांवरून माशाचं वय काढतात. एक बांगडा घेऊन पट्टीने दोन मापं घे, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक आणि शेपटीच्या खाचेपर्यंत दुसरं. पहिल्या प्रॅक्टिकलला बहुधा असलंच काही करायला लागेल, आणि तुझा हात थरथरणार नाही.

आता बाबा. ते जाळं शिवायला बसतील तेव्हा शेजारी जाऊन बस. कॉलेजचा विषय काढू नकोस. जाळ्याचा आस, म्हणजे एकेका भोकाचा आकार, किती आहे ते विचार आणि हातात पट्टी ठेव. ते बोटं घालून दाखवतील, तू मिलिमीटरमध्ये मोज आणि त्यांच्यासमोर वहीत लिही. आस केवढा ठेवला की कुठली पिल्लं सुटून जातात, हे त्यांच्याकडून ऐक. मासेमारीच्या कायद्यात आसाला जे महत्त्व आहे ते याच कारणासाठी. मग खोलीचं विचार. बाबा वावात बोलतात ना? दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट, म्हणजे 1.83 मीटर. ते 'बारा वावांत जाळं मारलं' म्हणतील, तू लिही 22 मीटर. भरतीचं विचार. तिथीची पाऊणपट करायची आणि तितक्या वाजता पूर्ण भरती, हा हिशेब त्यांना पाठ असणार. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. आपल्या लोकांनी ती पाऊण तासात बसवून टाकली. समुद्रशास्त्राच्या तासाला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांची कारणं फळ्यावर काढतील तेव्हा तुला बाबांचा आवाज ऐकू येईल.

एवढ्याने ते लगेच मोकळे होतील असं आश्वासन मी देत नाही. त्यांच्या बोलण्यात राग आहे तितकीच भीतीही असावी असं मला वाटतं. आपलं आयुष्यभराचं शहाणपण मुलगी परक्यांच्या तोंडून शिकणार आणि मग आपल्यालाच चुकीचं ठरवणार, ही ती भीती. ती अगदी खोटीही नाही. घरचं काही काही चुकीचं निघेल, आणि तेव्हा ते मान्य करावं लागेल. पण शिकायला तू पहिल्यांदा त्यांच्याजवळ बसलीस, हे त्यांच्या लक्षात राहील.

ओळखीबद्दल लिहिताना मला जरा जड जातंय. माझे वडील खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. 1976 साली मी कोल्हापूरला कॉलेजात गेले. पहिल्याच दिवशी वसतिगृहात मुलींनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, बंदर खात्यात आहेत. तोंडातून गेलं ते गेलं. तीन महिने ते सांभाळत राहिले. घरून पत्र आलं की आधी मी लपवायची. दिवाळीच्या आधी वडील भेटायला आले, डोक्यावर सुक्या मासळीची गोणी, हातात मालवणी खाजा. मुली भोवती जमल्या आणि एकीने आदराने विचारलं, "काका, तुम्ही बंदर खात्यात ना?" वडिलांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि म्हणाले, "होय तर, बंदरारच असतंय मी." त्यांनी खोटं काही सांगितलं नाही आणि मलाही उघडं पाडलं नाही. परत जाताना गोणीबद्दल बोलले, खाजा सगळ्यांना वाट म्हणाले, त्या गोष्टीवर एक अक्षर नाही. नंतर ते आणखी एकोणीस वर्षं होते आणि मी त्यांची माफी कधी मागितली नाही. हे मी आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं.

म्हणून आज रात्रीच ग्रुपवर लिही. एवढंच पुरे: "मी मालवणकडची. बाबा मासेमारी करतात, आई मासे विकते. मला जाळं शिवता येतं." शेवटचं वाक्य गाळू नकोस. मत्स्य महाविद्यालयात मासेमारीची साधनं हा शिकायचा विषय आहे, आणि तिथे हे वाक्य वाचून अर्ध्या मुलांना तुझ्याशी ओळख करून घ्यावीशी वाटेल. त्यांतली कितीतरी घाटावरून, मराठवाड्यातून आलेली असतील, काहींनी समुद्र पहिल्यांदा बघितला असेल. पण लातूरकडच्या एखाद्या मुलीच्या घरी शेततळं असेल आणि कटल्याचं बोटभर बीज, म्हणजे पिल्लं, तिने स्वतः सोडलेलं असेल. त्यातलं तुला काही येत नाही. तिला विचार. वहीत तिच्यासाठीही दहा पानं ठेव.

इंग्रजीचं आता थोडक्यात सांगता येईल. पहिले काही आठवडे तासाला निम्मं डोक्यावरून जाईल, हे धरूनच चाल. जो शब्द कळला नाही तो देवनागरीत, ऐकू आला तसा लिही. वाक्य सोड, शब्द पकड. तास संपला की शिक्षकांना किंवा शेजारच्या मुलीला स्पेलिंग विचार आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्या रकान्यात टाक. दिवसाला पाच शब्द. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे मराठी माध्यमातून जाऊन टिकले, त्यांनी हेच केलं. जे पहिल्या महिन्यात काहीच न विचारता बसून राहिले, त्यांना पुढे विचारणं आणखी अवघड झालं. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बस. उत्तर द्यायला उभं राहायची वेळ आली आणि इंग्रजी सुचेना, तर मराठीत सांग. तिथले बहुतेक शिक्षक महाराष्ट्रातलेच असतात.

कागदपत्रांत ढिलाई नको, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त धावपळ तीच करते. दहावी आणि बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचा निकाल, प्रवेशाचं पत्र, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक. प्रवर्गातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन क्रीमी लेयर. मूळ प्रती एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तिला वरून दोरा. झेरॉक्सचे चार संच वेगळे, पासपोर्ट फोटो दहा. कुठल्याही टेबलावर मूळ प्रत ठेवायची झाली तर पोच घेतल्याशिवाय हात सोडू नकोस. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते मालवणातच बघून घे, शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून त्याच खात्यात येते आणि रत्नागिरीला गेल्यावर शाखेच्या खेपा घालणं जमत नाही. आणखी एक. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, 2024 च्या जुलैपासून. तू त्यात बसतेस का हे फी भरायच्या आधी कार्यालयात विचार. विचारायला लाजू नकोस, तो तुझा हक्क आहे.

रॅगिंगविरोधी हमीपत्र तुझ्याकडून आणि बाबांकडून भरून घेतील. सही करण्याआधी ते बाबांना वाचून दाखव, म्हणजे त्यांचीही काळजी थोडी उतरेल. कुणी त्रास दिलाच तर 1800-180-5522 हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मोबाइलमध्ये आजच साठवून ठेव.

निघायचं आदल्या दिवशी, सकाळच्या एसटीने. मालवणहून कसाल, मग महामार्गाने कणकवली, राजापूर, लांजा, हातखंबा आणि तिथून रत्नागिरी. पावसात मुंबई-गोवा महामार्गाचा भरवसा धरू नकोस, दोन तास जादा धर. महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा आईला बरोबर ने. खोली तिने डोळ्यांनी बघितली की तिला झोप लागेल. गाव-रत्नागिरी-शिरगाव हा प्रवास तुला एकदा झाला की पहिल्या दिवशी सकाळी फक्त वर्ग शोधायचा उरतो. संध्याकाळी हातात वेळ असला तर झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, तिथे जाऊन ये. बाटल्यांतल्या माशांवरची नावं वाच, आईला ओळखायला लाव. आईने सांगितलेलं आणि चिठ्ठीवरचं एकमेकांशी जुळतं का बघ. माझ्या मते पहिल्या दिवसाची याहून चांगली तयारी दुसरी नाही.

सामानाचं आईला असं सांग. सुती कपडे थोडे, कारण श्रावणात काही वाळत नाही. चपला दोन जोड, त्यातली एक पाण्यात चालेल अशी. छत्री, बॅटरी, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी. पांढरा एप्रन आणि डिसेक्शनची पेटी कॉलेज सांगेल तशी तिथेच घे, इथून घेऊन गेलीस तर पैसे दोनदा जातील. मेसचं जेवण पहिले दिवस घशाखाली उतरत नाही, म्हणून लसणीची चटणी, मेतकूट, कोकमाच्या आगळाची छोटी बाटली. सुकटीची चटणी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाल, पण खोलीत उघडण्याआधी बाकीच्यांना विचार. कुणी शाकाहारी असेल तर तिच्यासमोर उघडायची नाही, एवढं आपण पाळावं. वासाची लाज म्हणून मात्र डबाच न्यायचा नाही, असं करू नकोस.

पहिल्या दिवशी सकाळी पोट भरून खा, वेळेच्या अर्धा तास आधी पोच, पाण्याची बाटली घे, आणि दुपारपर्यंत एका मुलीचं नाव आणि गाव पाठ कर. एकीचंच. संध्याकाळी घरी फोन लावशील तेव्हा आईशी बोलून झालं की फोन बाबांकडे द्यायला सांग. ते 'काय म्हणू' म्हणून टाळतील. तू त्यांना दिवसभरात आलेला एखादा शब्द सांग, बांगड्याचंच नाव सांग हवं तर, आणि आज भरती किती वाजता होती ते विचार.

आणि आई विचारेलच, पहिल्यांदा भेटायला येताना काय आणू? कुर्ल्या नकोत, वसतिगृहात त्या फोडत बसायला जागा नसते. बांगडे तिरफळ लावून सुके करून आणायला सांग, खोलीत जितक्या जणी असतील त्या हिशेबाने.

तुझी,
मावशी